दहाव्याला दिलेला शब्द

मळा, सुपा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

जया,

वर काय लिहावं यातच दोन पानं फाडली. 'सौभाग्यवती' लिहिलं तर तू म्हणशील, दादाला आत्ता आठवलं. नमस्कार लिहावा तर तुमच्या ख्रिस्ती मंडळीत सलाम म्हणतात. आणि मी सलाम लिहिला असता तर तू पाकीट उलटंपालटं करून बघितलं असतंस, लिहिणारा नक्की कोण म्हणून. तेव्हा नुसतं जया.

जानेवारीत मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एका बाईनं 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. आवाज तुझाच होता. बासष्टी गाठली तरी बहिणीचा आवाज ओळखण्याइतके कान शाबूत आहेत. म्हणून हे पत्र रजिस्टर करतोय, पोचपावतीसकट. फोन नाकारता येतो, सही तर करावी लागेल.

तुझा राजूरचा पत्ता गीताबाईंनी दिला. त्या कल्याणरावांच्या, म्हणजे तुझ्या सासरच्या नात्यातल्या निघाल्या. गीताबाई कोण आणि माझी त्यांची ओळख कशी, ते पुढं कधीतरी सांगेन. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चांगुणा गेली. मागच्या एप्रिलमध्ये, अठ्ठावीस तारखेला. तुझ्या कानावर आलं असेल. नसेल तर तुझी वहिनी गेल्याचं तुला दहा महिन्यांनी पत्रातून कळतंय, आणि त्याचा दोष माझ्याकडे. काविळीचं निमित्त झालं. बारा दिवस दवाखान्यात होती.

योगेश सुप्याच्या कंपनीत सुपरवायझर झालाय. तिथंच फ्लॅट घेतलाय. तो आणि सूनबाई निकिता रविवारी येतात, मोटारसायकल दारात चालू ठेवूनच 'आप्पा, काही हवंय का?' विचारतात. काय हवंय ते मोटारसायकलच्या आवाजात सांगता येत नाही. सात गाई होत्या, दोन ठेवल्यात. धार काढायला माझ्याच्यानं तेवढंच होतं. संध्याकाळी दूध घालून आलो की घरात शिरवत नाही. टीव्ही लावतो, त्यातली माणसं भांडतात, तेवढीच घरात माणसांची वर्दळ.

आईच्या वेळी तुला कळवायला उशीर झाला, ते मनात राहून गेलंय. धावपळ फार होती. पण नंतर तूही फिरकली नाहीस, हेही खरंच की.

उत्तर टाक. दोन ओळी टाकल्या तरी चालतील.

तुझा
आप्पादादा


मळा, सुपा
रविवार, ९ मार्च २०२५

जया,

पोचपावती आली. 'जया साळवे', सही अजून तशीच, शेवटच्या मात्रेला लांब शेपूट. सहीखाली मात्र काही नाही. तीन आठवडे पोस्टमनची वाट बघितली. तो आता मला लांबून बघूनच मान हलवतो.

बरं. गीताबाईंचं सांगतो.

सुप्यात कंपन्यांच्या मागं पत्र्याची एक शेड आहे. तिथं रविवारी तुमच्या लोकांची उपासना होते. मंडळी पन्नास-साठ, बरीचशी कंपन्यांतली कामगार. उपासनेनंतर चहा असतो आणि त्या चहाला दर रविवारी पाच लिटर दूध लागतं. चांगुणा गेल्यावर दोन महिन्यांनी ते गिऱ्हाईक माझ्याकडे आलं. चहाचं सगळं गीताबाई बघतात. पहिल्या दिवशी मी कॅन ठेवून निघालो तर म्हणाल्या, "काका, निघालात कुटं? दूध तुमचं, चहाबी तुमचाच. बसा."

बसलो. चहासाठी दीड तास बसावं लागेल हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर घेऊन. पेटी, ढोलकी, गाणी. मला वाटलं आता कोणीतरी येऊन मला शिकवायला लागणार, आणि मी कडक उत्तर तयार ठेवलं होतं. कोणी आलं नाही. शेवटी वाल्मिकराव म्हणून पाळक आहेत, पूर्वी ते एसटीत कंडक्टर होते, ते जवळ आले आणि विचारलं, "घरी कोन असतं?" मी म्हणालो, "कोणी नसतं." त्यांनी डोळे मिटले आणि तिथंच उभ्या उभ्या म्हणाले, "प्रभू, आप्पासाहेबांच्या घरी आज कोनी न्हाई. तू जा."

एवढंच. कडक उत्तर तोंडातच राहिलं.

त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही. का ते विचारू नकोस. दूध घालून आलो, कुलूप काढलं, आणि दार उघडताना खाकरलो. आत कोणी असलं की आपण खाकरतो ना, तसा. माझं मलाच हसू आलं आणि मग जे रडू आलं ते चांगुणाच्या तेराव्यालाही आलं नव्हतं.

आता आठ महिने जातोय. योगेशला वाटतं दूध घालायला जातो. घालतोच की दूध.

तू हसशील. हसण्यासारखंच आहे. तू असल्या उपासनेला बसतेस म्हणून मी तुला तोडलं, आणि तिथंच मी आता पुढच्या रांगेत बसतो. ही माणसांची ऊब आहे की देवाची, मला अजून सांगता येत नाही. पण रात्री घर खायला उठायचं ते थांबलं, हे खरं.

थांबलं आणि दुसरं सुरू झालं. आधी घरात कोणी नव्हतं, तेव्हा खोटं बोलायलाही कोणी नव्हतं. आता धार काढताना, भाकरी थापताना (हो, थापतो, नगर जिल्ह्याचा नकाशा होतो) मी त्याच्याशी बोलतो, आणि बोलता बोलता एका जागी येऊन अडतो. म्हणून मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करतो.

आईच्या वेळी कळवायला उशीर झाला नाही. मी कळवलंच नाही. ती आठ दिवस खाटेवर होती. दारात चप्पल वाजली की विचारायची, "जया आली का रं?" मी म्हणायचो, येतीय, गाडीत बसलीय. आठ दिवस तू गाडीत बसलेली होतीस. शेवटी कोंडीराममामानं तुला परस्पर कळवलं, तेव्हा आईला जाऊन तीन दिवस झाले होते. तू आलीस आणि मी तुला ओसरीच्या खालूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. चांगुणा तांब्या घेऊन आली होती, तिला मी डोळ्यांनी आत घातलं.

हे तुला माहीतच आहे, पहिल्या भागाखेरीज. पण मी ते कधी तोंडानं कबूल केलं नव्हतं.

अजून आहे. आज एवढंच जमतंय.

आप्पादादा


मळा, सुपा
३० मार्च २०२५, पाडवा

जया,

दुसरी पोचपावतीही आली. सही आहे, शब्द नाही. ठीक आहे. न्यायाधीश आरोपीला मध्ये अडवत नाही, तसं समजतो.

सकाळी गुढी उभारली. चांगुणाची पैठणी लावली. मग योगेशचं आणि माझं भांडण झालं, पण गुढीवरून नव्हे. त्याला कळलंय. कंपनीतल्या कोणीतरी सांगितलं, तुमचे वडील पत्र्याच्या चर्चमध्ये हात जोडून असतात म्हणून. तो म्हणाला, "आप्पा, तुमी तिकडं जानार असाल तर सांगा. मंग मी इकडं येत न्हाई." निकिता खाली बघत होती. मी म्हणालो, मी चहाला जातो. बघ, बासष्टाव्या वर्षी पोराला भिऊन खोटं बोललो. माझी ती खोडच आहे, ती तुझ्याइतकी कोणाला माहीत नसेल.

चांगुणाचं वर्षश्राद्ध चैत्र वद्य पंचमीला. ती तिथी अठरा एप्रिलला येते. योगेशनं मांडव, प्रवचन, दीडशे पानं सांगून ठेवलीत. आणि अठरालाच उत्तम शुक्रवार आहे, कॅलेंडरातला गुड फ्रायडे. तुला तो दिवस मी सांगायला नको. इथं त्या दिवशी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात माणसं बोलतात. वाल्मिकरावांनी पहिला माझ्या वाट्याला दिला होता. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, तरी दिला. पहिला म्हणजे क्षमेचा, आपण काय करतोय हे न कळणाऱ्यांसाठी मागितलेला.

मी तीन दिवस त्यावर विचार केला आणि त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "ज्याला कळत होतं, त्याचं काय?"

ते म्हणाले, "काय केलंय तुमी?"

त्यांना सांगितलं ते तुला सांगतो.

आईच्या दहाव्याला ओढ्याच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, बाभळीवर चार-पाच बसलेले, पण एक खाली येईना. दहा वाजले, अकरा वाजले. सगळी भावकी उन्हात उभी. जे ते पुढं होऊन म्हणू लागलं, देवळाची पायरी बांधू, गाय विकणार नाही, नातवाचं लग्न थाटात करू. कावळा ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात कोंडीराममामा माझ्या कानाशी नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "आप्पा, माझ्या बहिनीला काय पायजे ते तुला ठावं हाय. म्हन." मी बाभळीकडे बघत राहिलो. "म्हन रं. मानसं ताटकळली."

मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "आई, जयाचं माहेर तुटू देनार न्हाई. येत्या भाऊबीजेला मी सोता मुऱ्हाळी जाईन, तिला घिऊन येईन."

वाक्य पुरं व्हायच्या आत पिंडाला कावळा शिवला. बायका रडल्या. मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

भाऊबीजेला मी खरंच निघालो. चांगुणानं तुझ्यासाठी साडी घेतली होती, हिरवी. नगर, संगमनेर, अकोले. अकोल्याच्या स्टँडवर राजूरची गाडी लागलेली. मी आत बसलो, खिडकीशी. आणि बसल्या बसल्या मनात यायला लागलं, तिथं जेवावं लागेल. जेवलो की गावात कोणीतरी विचारणार, काय जेवलास, कुठं बसून जेवलास. तिला घरी आणली की देवघरापुढं ती हात जोडणार नाही, आणि बायका बघणार. कंडक्टरनं घंटी दिली आणि मी उतरलो. साडीची पिशवी घेऊन संगमनेरपर्यंत उभा आलो.

घरी सगळे वाट बघत होते. एवढ्या माणसांसमोर शब्द दिलेला. मी म्हणालो, गेलो होतो. दारातून परत पाठवलं तिनं. म्हणाली, तुमच्या देवदेवतांच्या घरात मी पाय ठेवणार नाही, आईच्या शब्दाचं मला सांगू नका.

हे मी म्हणालो, जया. तुझ्या तोंडी घातलं. चांगुणाला तेवढं रात्री खरं सांगितलं. ती दर दिवाळीला म्हणायची, "जावा, आना तिला, अजून येळ गेली न्हाई." दर दिवाळीला मी गाईंचं कारण सांगायचो. बारा भाऊबिजा झाल्या. गावाच्या लेखी बारा वर्षं तू मेलेल्या आईचा शब्द लाथाडणारी आहेस, आणि मी बिचारा भाऊ.

मला कळत होतं. प्रत्येक वेळी कळत होतं.

वाल्मिकराव ऐकून म्हणाले, "आप्पा, त्या क्षमेत कळनारेबी येतात असं मी धरून चालतो, न्हाईतर मलाच जागा ऱ्हात न्हाई. पन हा उद्गार तुमी हितं बोलू नका. त्या दिवशी तुमच्या घरी मांडव हाय. तितं बोला." त्यांनी तो दुसऱ्या कोणाला दिला. ईस्टरला माझा बाप्तिस्मा व्हावा असं मीच मागितलं होतं, तेही म्हणाले, घाई नको, आधी बहीण.

आता तू सांग. मांडवात बोलू का? तू 'नको' म्हणालीस तर गप्प राहीन. खरं सांगायचं तर, तू नको म्हणावंस असं मला वाटतंय.

आप्पादादा


मळा, सुपा
गुरुवार, १० एप्रिल २०२५

जया,

पाकीट परत आलं. 'घेण्यास नकार'. पोस्टमननं माझ्या हातात देताना दुसरीकडे बघितलं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? ते पत्र लिहायला मला तेरा दिवस लागले होते आणि तू ते फोडलंही नाहीस. मी अंगणात उभा राहून तुला मोठ्यानं बोललो. गाई बघायला लागल्या. म्हणालो, एवढाच तुमच्या प्रभूनं शिकवलेला कनवाळूपणा का? मग आठवलं, प्रभू आता माझाही म्हणतोय मी, तेव्हा भांडण त्याच्याशीच करावं. त्याच्याशी भांडलो. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण आहे आणि हाच मला सोसवत नाही.

हे साध्या टपालानं टाकतोय. सहीची गरज नाही. वाच, नाहीतर चुलीत घाल.

संध्याकाळ फार वाईट गेली. एकटा आहे हे पहिल्यासारखं परत अंगावर आलं. वाटलं, शेडमधली ती ऊब वगैरे सगळं चहापुरतंच होतं. प्रार्थनेला बसलो तर शब्द फुटेना. नुसताच बसून राहिलो, भिंतीला टेकून, अंधार पडेपर्यंत, दिवाही लावला नाही. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी कोणाच्या तरी शेजारी बसल्यासारखा बसलोय, अंग चोरून, त्याला जागा ठेवून. कोणी काही बोललं नाही. पण उठलो तेव्हा भूक लागली होती. भाकरी खाल्ली.

मी तुझ्या परवानगीची वाट बघत होतो, आणि ती मागणंही माझी चलाखीच होती. तू नको म्हणालीस की मी मोकळा. आता विचारणार नाही. योगेश काल येऊन सांगून गेला, "अठराला मानसं येनार. त्या दिवशी तरी तुमचं ते नको." आवाज चढवला नाही त्यानं. विनवणीच केली. एकुलता एक पोरगा आहे, जया. बोललो तर तो जाईल. चांगुणा गेल्यावर मोटारसायकलचा तो आवाजच तेवढा माझा राहिलाय.

फार भीती वाटते आहे.

आप्पादादा


मळा, सुपा
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५, संध्याकाळ

जया,

बोललो.

हे तुझ्यापर्यंत पोचेल न पोचेल. लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

प्रवचन साडेअकराला संपलं. चांगुणाच्या फोटोवर फुलं वाहिली. महाराजांनी विचारलं, घरातलं कोणी दोन शब्द बोलणार का. योगेश माझ्याकडे बघून 'नको' म्हणून मान हलवत होता, ते मी बघितलं. तरी माईक घेतला.

सुरुवात चांगुणापासून केली. म्हणालो, हिनं मरेपर्यंत माझं एक खोटं पोटात ठेवलं आणि ते घेऊनच गेली. आज ते बाहेर काढतो. मग सगळं सांगितलं. अकोल्याचा स्टँड, राजूरची गाडी, तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य. सरळ म्हणालो, जयानं मला परत पाठवलं नाही, मी तिच्या दारापर्यंत गेलोच नाही.

वाढपी हातात पळी घेऊन उभे. पहिली उठली ती आपली छबूबाई चुलती. ब्याऐंशीची आहे आता, काठीवर चालते. ती म्हणाली, "आरं मेल्या. कोंडीरामाच्या मातीला ती पोर आलती. माझ्यापुढं पान्याचा तांब्या धरला तिनं. म्या त्वांड फिरवलं. तुझ्यापायी." आणि खाली बसून ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

मामाच्या मातीला तू आलेलीस हे मला माहीत होतं. तांब्याचं माहीत नव्हतं.

भावकीतला बजरंग ओरडला, "ह्ये आत्ता का आठवलं? कुनी शिकवलं?" मला तिथं थांबता आलं असतं. म्हणता आलं असतं, मनाला लागलं म्हणून. पण एकदा पोतं फाटलं की दाणे निवडत बसता येत नाही. म्हणालो, "मी सुप्याला प्रभूच्या उपासनेला जातो. चहाला न्हाई. उपासनेला."

निम्मी माणसं न जेवता गेली. बजरंग जाताना म्हणाला, चर्चवाल्यांनी म्हाताऱ्याला नादी लावला. मी म्हणालो, मला नादी लावायला दूध तर मीच घालत होतो. त्याला हसू आलं नाही, मलाही नाही.

योगेशनं आईच्या फोटोला नमस्कार केला, निकिताला म्हणाला चल. फाटकाशी थांबून मला म्हणाला, "आत्याचं खोटं बोललात तवा मी सोळा वर्षांचा हुतो. मी तिला शिव्या दिल्यात शाळेत सगळ्यांपुढं. ते आता मी कुनाला सांगू?" आणि गाडी सुरू केली. मला वाटलं होतं तो चर्चवरून जाईल. तो या गोष्टीवरून गेला.

तीन वाजता मांडवात मी एकटा. साठ-सत्तर पानांचं अन्न तसंच. सव्वातीनला गीताबाई आणि वाल्मिकराव आले, उपासना आटपून, सकाळपासून उपाशी. मला वाटलं आता प्रार्थना करतील, धीर देतील. गीताबाईंनी पदर खोचला आणि भांडी गोळा करायला लागल्या. वाल्मिकराव खुर्च्या एकात एक घालू लागले. ऐंशी खुर्च्या होत्या. सगळ्या रचून झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि तिथंच त्यांना डुलकी लागली. घोरत होते. मला त्या घोरण्याचा फार आधार वाटला.

उरलेलं अन्न शेजारच्या वस्तीवर दिलं. आता सगळे गेलेत. घरात कोणी नाही, पोरगा गेला, बहीण पत्र घेत नाही, आणि तरी, हे तुला विचित्र वाटेल, मला बारा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटतंय. दुःख आहे. पण त्यात मी एकटा नाही.

आप्पा


एसटी स्टँड, सुपा
२० एप्रिल २०२५, ईस्टरची सकाळ

जया,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. खिशात घालून आणतो. समोर उभा राहिलो की माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, तेव्हा हे हातात देईन.

काल संध्याकाळी धार काढत होतो आणि फोन वाजला. नंबर तुझा. मी उचलला आणि 'राँग नंबर' म्हणणार होतो, गंमत म्हणून, पण तोंडून निघालं नुसतं 'जया'. मग म्हणालीस, "दादा, आधी धार काढून घे. पान्हा चोरंल ती."

भावकीतल्या अश्विनीनं मोबाईलवर माझं बोलणं काढलं आणि ते फिरत फिरत तू काम करतेस त्या राजूरच्या दवाखान्यात तुझ्यापर्यंत पोचलं, हे तू सांगितलंस. मला वाटलं, आता तू विचारशील, का केलंस म्हणून. मी उत्तर जुळवत होतो.

तू म्हणालीस, "मला ठावं हुतं."

मला कळलं नाही.

"मामानं दहाव्याच्या रातीच फोन केलता. म्हनला, तुझ्या भावानं शबूद दिलाय, कावळा लगेच शिवला, भाऊबीजेला तयार ऱ्हा. मी तयार हुते. भाकरी बांधून, पिशवी भरून, सकाळपासनं. कल्यान म्हनाला, येतील, गाडी लेट असंल. दिवेलागन झाली तवा पिशवी सोडली. दुसऱ्या सालीबी भरली. तिसऱ्याबी."

"बारा सालं?" मी विचारलं.

"मोजायची कशाला?" तू म्हणालीस.

मग मी विचारलं, आणि हे विचारताना गोठ्याचा खांब धरला होता. मामाच्या मातीला बायकांनी तोंडं फिरवली तेव्हा तुला कळलं असणार, मी गावात काय सांगितलंय ते. तू तिथंच का नाही म्हणालीस की हे खोटं आहे?

तू म्हणालीस, "सगळ्या गावापुढं माझ्या भावाला खोटं पाडू?"

जया, मी चाळीस वर्षं दुधातलं पाणी ओळखत आलोय. घरातली गोष्ट मला ओळखता आली नाही. मला वाटत होतं, मी एकटा आहे आणि तू तिकडं तुझ्या माणसांत आहेस. तू माझं खोटं डोक्यावर घेऊन उभी होतीस आणि मी खाली उभा राहून स्वतःची कीव करत होतो. शेडमध्ये एवढे महिने जे ऐकलं, दुसऱ्याचा अपराध मुकाट्यानं वाहणाऱ्याचं, ते मला काल गोठ्यात समजलं.

माफी मागायला लागलो तर तू अडवलंस. पत्र का नाकारलंस तेही तेव्हाच सांगितलंस. "दोन घेतली. तिसरं आलं तवा राग आला. माहेरी न्यायला मुऱ्हाळी येतो, दादा. पोस्टमन न्हाई येत." आणि फोन ठेवलास. ये म्हणालीस की नको म्हणालीस, ते मी रात्रभर ठरवत होतो. तू काहीच म्हणाली नव्हतीस. मीच ठरवायचं होतं.

आज पहाटे मंडळीबरोबर कबरस्तानात उपासनेला गेलो. सूर्य उगवला, गाणं झालं. वाल्मिकरावांनी विचारलं, आज घेता का बाप्तिस्मा, पाणी तयार आहे. मी म्हणालो, परत आल्यावर. दोघं असू तेव्हा. ते हसले. म्हणाले, "मंग हितं काय करताय? नगरची गाडी सातला हाय. माझा कंडक्टरचा शब्द."

योगेशला मेसेज टाकलाय की आत्याला आणायला चाललोय. त्यानं वाचलाय. उत्तर नाही. घर झाडून ठेवलंय, देवघर आहे तिथंच आहे; तू हात जोड, नको जोडू, कोणी बघणार नाही आणि बघितलं तर मी आहे. हिरवी साडी चांगुणानं तिच्या पेटीत जपून ठेवली होती, ती घेतलीय. तिचा रंग जरा उडालाय.

आता स्टँडवर बसून हे लिहितोय. गाडी लागली. मला भीती वाटते, जया, ती कबूल करतो. अकोल्यात गाडी बदलायची आहे आणि माझा मला भरवसा नाही. वाटेत त्याला म्हणत राहीन, धरून ठेव.

तू मात्र या वेळी पिशवी आधी भरू नकोस. मी दारात दिसलो की मग भर.

आप्पादादा